सहा-शून्य, सहा-एक

ताईने घोट्यावरची पट्टी कात्रीने न कापता तशीच ओरबाडून काढली. समोरच्या बाकावरची मालिशवाली बाई ‘अहो, अहो’ करत पुढे झाली, तर ताईने तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी मुकाट्याने टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. घड्या आधीच घातलेल्या होत्या.

उपांत्य फेरीचा सामना नुकताच संपला होता. सामना म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. एकोणीस वर्षांच्या एका पोरीने ताईला पहिल्या सेटमध्ये एकही गेम घेऊ दिला नव्हता आणि दुसऱ्यात फक्त एक. वर्तमानपत्रांनी त्या पोरीचं नाव ‘रोडरोलर’ ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नाही. मागच्या दोन फेऱ्यांत तिने भल्याभल्यांना तासाभरात घरी पाठवलं होतं. आज ताईचा नंबर लागला. आणि वर नेटपाशी हात मिळवताना पोर म्हणते, “थँक यू, ताई.” वयाने सगळ्यांत थोरली म्हणून तिला सगळ्याच खेळाडू ताई म्हणत, पण आज तो शब्द तिला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दादा उभा होता. भाऊ आणि कोच एकच असला, की हरल्यावर तोंड लपवायला घरसुद्धा उरत नाही.

“पत्रकार थांबलेत,” तो म्हणाला. “आजच जाहीर करून टाक. खेळणं थांबवते म्हणावं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, अशा वेळी थांबलेलं शोभून दिसतं.”

“त्या टाळ्या एका गेमच्या होत्या.”

“तेच म्हणतोय मी. लहान पोर आपल्या हाताने जेवलं की घरचे वाजवतात, तशा. पाच-शून्य मागे असताना एक गेम मिळाला बाईंना.”

“मिळाला नाही. घेतला मी.”

दादा हसला. ते हसू ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ओळखत होती.

“चार रिटर्न, चारही नेटमध्ये? त्या पोरीचे? कीव आली तिला तुझी. आणि तू काय केलंस, तर ती जुनीपुराणी सर्व्हिस बाहेर काढलीस. मी बंद करायला लावलेली.”

ती सर्व्हिस हळू यायची. बॅकहँडकडे येतेय असं दाखवून शेवटी वळायची आणि थेट पोटात घुसायची. उमेदीच्या काळात ताईने तिच्यावर कितीतरी सामने काढले होते. पुढे दादाने ठरवलं की हल्लीच्या वेगापुढे असल्या चेंडूला कुणी भीक घालत नाही. आज मात्र पाच-शून्यवर तिचं डोकं असं फिरलं, पोरीवर, दादावर आणि हळहळणाऱ्या प्रेक्षकांवरही, की ठरलेलं सगळं गुंडाळून तिने तीच सर्व्हिस चार वेळा मारली.

दादाला उलटून काही बोलावं, तर तिच्याही मनात तीच पाल चुकचुकत होती. समोरचीला दोन्ही सेट शून्यावर हरवायचे नाहीत, एखादा गेम हळूच सोडायचा, असं चालतं. कुणी बोलत नाही, इतकंच. ताईनेही तिच्या भरात एकदोघींना असा सोडला होता, आणि आपलं मन किती मोठं या समाधानात ती त्या रात्री छान झोपलीही होती. त्या दोघींना झोप लागली का, हा विचार तिला आज पहिल्यांदा शिवला.

“तिलाच विचारते,” ती म्हणाली. “सोडला असेल तर तू म्हणतोस तसं. आजच संपवते.”

“ती काय खरं सांगणार आहे?”

“तोंडावर कळतं, दादा. तुझ्याही कळतं.”

पोर ना खोलीत होती, ना जेवणघरात. दारावरचा रखवालदार म्हणाला, ती मघाच मागच्या सरावाच्या कोर्टवर गेली. आत्ताच तर एवढं चिरडून आली, आता कसला सराव? काय काय सुनवायचं ते मनाशी जुळवत ताई तरातरा तिकडे गेली आणि जाळीच्या कुंपणापाशी थबकली.

पोर सामन्यातल्याच कपड्यांत होती. नेटपलीकडून तिचा बाप, तोच तिचा कोच, टोपलीतले चेंडू उचलून सर्व्हिस करत होता आणि प्रत्येक चेंडूबरोबर ओरडत होता.

“चारदा! चारदा तोच चेंडू खाल्लास! डोकं कुठे ठेवलं होतंस?”

“असा नव्हताच तो, बाबा. तुमचा सरळ येतो. ताईंचा शेवटपर्यंत कळतच नाही, मग एकदम पोटात येतो.”

“तसाच मारतोय मी!”

“नाही मारत! तुम्हाला जमत नाहीये!”

“आणि तुला? सहा-शून्य, सहा-शून्य झालं असतं. लाज वाटत नाही?”

पोरीने रॅकेट कोर्टवर आपटली. ती रडत होती, आणि ते काही आत्ताच सुरू झालेलं रडणं नव्हतं.

ताईने जाळी घट्ट धरली. जुळवून आणलेलं एकही वाक्य तिला आठवेना. छातीत काहीतरी एवढं भरून आलं की तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण समोर एक पोर रडत होती आणि तिला आनंद होत होता.

तेवढ्यात पोरीचं लक्ष गेलं.

“मजा बघायला आलात?”

बाप वळला. त्याचा आवाज एका क्षणात मध झाला.

“अरे, ताई! बरं झालं आलात. जरा दोनचार मारून दाखवा ना हिला. परवा फायनल आहे, तेवढीच सवय होईल.”

त्याने कुंपणाचं दार उघडलं आणि चेंडू पुढे केला. ताईने तो घेतला. बोटांत एकदा फिरवला, दोनदा जमिनीवर आपटला. मग बापाकडे न बघता तो टोपलीत टाकला.

“दाखवते,” ती पोरीला म्हणाली. “पुढच्या वर्षी.”

पोरीने मनगटाने नाक पुसलं. तिच्या नजरेत आता ताईबिई काही नव्हतं, नुसता राग होता.

“पुढच्या वर्षी तो एक गेमसुद्धा घेऊ देणार नाही.”

“नको देऊस,” ताई म्हणाली, आणि पत्रकार वाट बघत बसले होते तिकडे निघाली.