कोमट लाकूड

“सूनबाई, चुलीकडच्या लाकडाला रोज हात लावून बघत जा. कोमट लागलं, तर लांब ने,” सासूबाई म्हणाल्या होत्या. सासूबाई दिवसभर काही ना काही सांगतच असत. ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, बाळाचं टोपडं काढू नकोस. त्यातच हेही एक. सूनबाई हसून म्हणाली, “आई, कोमट लागतंय म्हणजे वाळतंय.”

मित्रांनो, हे मी ऐकलं, कारण ती लाकडं माझ्याच अंगावर होती. मी लाकडं रचायचा एक जुना लोखंडी घोडा आहे. मोडक्या खाटेच्या नळ्या कापून वेल्डिंगवाल्यानं मला जोडलं. पायांखाली विटा देऊन मला परसात, पत्र्याखाली, भिंतीपासून हातभर लांब उभं केलं. खालून वारा खेळायचा, लाकडांना वाळवी लागत नसे. या घरची लाकडं धूर करत नाहीत, असं शेजारणी म्हणत. कौतुक तेवढंच.

मग बाळ झालं. त्या वर्षी हवा दमट होती. लाकडं ओली, दुपटी वाळेनात. सूनबाईला बाळाच्या छातीची धास्ती. तिनं मला आत आणून लोखंडी चुलीला खेटून ठेवलं आणि लाकडांवर दुपटी पसरली. सगळं भराभर वाळू लागलं. तिला हायसं वाटलं.

एका सकाळी ती पाणी आणायला बाहेर गेली. चुलीकडच्या ओंडक्याचा आधी नुसता करपल्याचा वास आला, मग दुपट्याची कड काळी पडली. पाळणा शेजारीच होता. सासूबाई धावत आल्या. पेटती लाकडं त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला लोटली आणि बाळाला बाहेर नेलं. सूनबाईनं भरलेली बादली माझ्यावर ओतली.

बाळाला काही झालं नाही. सासूबाईंचे भाजलेले तळवेही भरून आले. फक्त त्यांना आता ऊन-गार कळत नाही.

मी पुन्हा पत्र्याखाली आलो. एक बाजू वाकली आहे, गंज चढला आहे. त्याचं काही वाटत नाही. सासूबाई सवयीनं चार लाकडं आत नेतात, चुलीशेजारी ठेवतात, तळवा टेकवतात. “गार आहेत गं,” म्हणतात, आणि आणखी जवळ सरकवतात. सूनबाई त्याच जागी आपला हात ठेवते. मग लाकडं उचलून माझ्यावर आणून रचते.

काल ती कुंपणापाशी शेजारणीला सांगत होती, “काकू, मी बाळाला घेऊन माहेरी जातेय. संध्याकाळी आईंकडे एक चक्कर टाकाल? चुलीजवळची लाकडं गार आहेत म्हणाल्या, तरी तुम्ही हात लावून बघा.”

मित्रांनो, तुमच्याही ओळखीचं कुणी म्हातारं माणूस चुलीपाशी एकटं बसत असेल. आज त्यांच्याकडे जाऊन या. लाकडांना तुमचा हात लावून बघा.