वाजवायचे वेगळे, वाद्याचे वेगळे

"भाडं कापून घेतलंय," म्हणत बँडच्या मालकानं चार चुरगळलेल्या नोटा क्लॅरिनेटवाल्याच्या पुढ्यात टाकल्या.

"कसलं भाडं, मालक?"

"वाद्याचं."

क्लॅरिनेटवाल्याला आधी उमगेचना. वाद्य त्याचंच, बापापासून चालत आलेलं. गेल्या पावसाळ्यात लग्नं थांबली, पोरगी तापानं फणफणली, घरात दमडी नव्हती. तेव्हा त्यानं ते मालकाकडे गहाण टाकलं. तेव्हापासून मालक लग्नाच्या दिवशी वाद्य त्याच्या हातात देई, वरात संपली की काढून घेई. आणि आता वर भाडं!

"माझ्याच वाद्याचं भाडं माझ्याचकडून?"

"सोडव ना मग. मी काय हात धरलाय?" मालक ओट्यावरच्या वाजवणाऱ्यांकडे वळला. "अरे, ह्यांच्या खिशाला शिंपी भोक पाडूनच देतो!"

सगळे खो खो हसले. ढोलवालाही हसला. आदल्याच दिवशी ह्याच्या पैशानं पोटभर जेवलेला ढोलवाला.

ऊन असं की ढेकळं तडकत होती. तो तरातरा घरी आला, चुलीमागचा रॉकेलचा डबा उचलला आणि निघाला. दारात सासू कांद्याच्या ढिगापुढे फतकल मारून बसली होती. नवरा गेल्यावर ती लेकीकडे आली होती. शेजारचा जमिनीचा तुकडा तीच कसायची. 'फुंकणाऱ्याला पोर दिली आणि तिचा जन्मच फुंकून टाकला' हे तिचं पालुपद. जावयाशी ती बोलायची ते टोमण्यापुरतंच.

"डबा घेऊन कुठं, जावईबापू?"

"मालकाचा ट्रक पेटवतो. ज्यावर चढून मिरवतो ना, तोच."

सासूनं कांद्याची पात कापली. "रॉकेलचे पैसे. मग वकिलाचे. मग तुम्ही आत बसलात की माझ्या लेकीचे दोन वेळचे. एवढा महागाचा सूड परवडतो का तुम्हाला?"

तो घुटमळला.

"सूड घ्या की. मी कुठं नको म्हणते? पण नफ्यातनं घ्या, मुदलातनं नको. ठेवा तो डबा. हंगामात मिळवलं किती?"

तो बोटं मोजू लागला. आलं तसं गेलं. कोटाला गेलं, दोस्तांच्या जेवणाला गेलं, कुणाला उसनं गेलं.

"मी कांदा काढते, तो सगळा एका बाजारात विकते का? खायचा वेगळा, विकायचा वेगळा, बियाण्याचा वेगळा. बियाणं खाल्लं तर पेरू काय, तुमच्या मिशा?" ती म्हणाली. "लग्नसराई चार महिन्यांची, पोट बारा महिन्यांचं. आलेल्या पैशाला आधी वाटा पाडायचा. घराचा एक, पावसाळ्याचा एक, वाद्याचा एक."

"आणि एक मालकाचा," तो दात खाऊन म्हणाला.

सासू त्या घरात पहिल्यांदा हसली. "तो आधी काढा. माणूस पोट विसरतं, राग विसरत नाही."

पोस्टात खातं उघडलं, तेही बायकोच्या नावावर. 'तुमच्या सहीवर माझा भरवसा नाही,' सासूनं स्पष्ट सांगितलं. दोस्तांनी त्याला कवडीचुंबक म्हणून हिणवलं. एकदा त्याला राहवलं नाही, चकचकीत बूट घेऊन आला. जेवायला बसला तर सासूनं पुढ्यात ताट सरकवलं. ताटात बूट.

"वाढू का अजून?"

बायको तोंडाला पदर लावून हसत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं बूट परत केले.

पावसाळ्यात तो पोरांना शिकवू लागला, महिन्याची फी आगाऊ घेऊन. बारशाची, दुकानाच्या उद्घाटनाची बारकी बारकी कामं स्वतः धरू लागला. निम्मे पैसे आधी घ्यायचे. हे म्हणताना पहिल्यांदा त्याची जीभ टाळ्याला चिकटली; नंतर सुटली. मालकाकडे मात्र मान खाली घालून जात राहिला, कापलेलं भाडं मुकाट सोसत राहिला. राखेखाली विस्तव जपावा तसा त्यानं राग जपला.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर त्यानं वाद्य सोडवलं. मालक म्हणाला, "चोरी केलीस काय रे?" ह्यानं वाद्य काखेत मारलं. विस्तवावर आणखी एक चिपाड पडलं, एवढंच.

मग ठेकेदाराच्या पोरीचं लग्न आलं. मोठी असामी. 'तो क्लॅरिनेटवाला असेल तरच बँड,' असं त्यानं मालकाला बजावलं होतं. मांडव पाहुण्यांनी भरला, ट्रक सजून उभा, वाजवणारे कोट घालून तयार. क्लॅरिनेटवाला पेटी मांडीवर घेऊन पारावर बसलेला.

"चल, कर सुरू," मालक म्हणाला.

"आधी ठरवू, मालक. वाजवायचे वेगळे, वाद्याचं भाडं वेगळं."

मालकाचा चेहरा उतरला. "कसलं भाडं?"

"वाद्याचं."

ढोलवाल्याच्या हातातली काठी थांबली. कुणी हसलं नाही.

"संध्याकाळी देतो. सगळं देतो."

"संध्याकाळचं सकाळीच बरं. आमच्या खिशाला भोक, माझ्या ध्यानात नाही राहायचं."

"ए, वाजवा की!" ठेकेदार मांडवातून गरजला. मालकानं नोटा काढल्या. ह्यानं बोटाला थुंकी लावून त्या मोजल्या. मालकाला घाम फुटलेला बघून परत मोजल्या. मग उठला आणि असं वाजवलं की ठेकेदाराची म्हातारी आईसुद्धा काठी टेकत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ढोलवाला दारात हजर. "तुझ्या सासूबाई आहेत का? मलाही ते पैशाला वाटा पाडायचं शिकायचंय."

क्लॅरिनेटवाल्यानं त्याला उन्हात चांगला तासभर उभा केला. हसलेलं तो विसरला नव्हता. मग आत घेतला. त्याच्यामागून ताशावाला आला, झांजवाला आला. पुढच्या हंगामात ह्या चौघांनी स्वतःची कामं धरली. आगाऊ घेऊन, पायी जाऊन. मालकाकडे कोट उरले, ट्रक उरला, वाजवायला कुणी नाही.

शेवटी त्यानं ट्रक विकायला काढला. क्लॅरिनेटवाल्याला रात्री झोप येईना. त्या ट्रकवर आपण चढलोय आणि मालक खालून बघतोय, एवढंच डोळ्यांपुढे. सकाळी त्यानं स्वतःच हिशेब मांडला. डिझेल, टायर, ड्रायव्हर. पावसाळ्यात उभा राहून खाणार ते निराळंच.

"बुडवेल आपल्याला," तो म्हणाला.

"बुडवेल," सासू म्हणाली. "मग?"

"मग काय. बघून तर येतो."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो मालकाच्या दारात जातो. ट्रकभोवती एक फेरी मारतो. टायरला लाथ घालतो, पत्रा ठोकून बघतो, किंमत विचारतो. मालक गेल्या खेपेपेक्षा कमी सांगतो. हा मान हलवतो आणि चालू लागतो.

परवा मालक काकुळतीला येऊन मागे धावला. "अरे, एकदा सांग तरी. घेणार आहेस का नाही?"

"घेणार ना, मालक," क्लॅरिनेटवाला गोड आवाजात म्हणाला. "अजून थोडा गंजू द्या."