मी तांबं नाहीच मुळी

मी एक दगड बोलतोय, आणि आधीच सांगून टाकतो, मी तांबं नाही. नव्हतो, होणारही नाही. रंग तांबूस आहे माझा, कबूल. अंगावर हिरवट थर येतो, तोही कबूल. पण तेवढ्यावरून कुणी मला तांबं म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं.

माझा जन्म स्वीडनच्या उत्तरेकडच्या जंगलात, कोबाल्टच्या एका खाणीत झाला. किती काळ अंधारात पडून होतो ते विचारू नका; मोजायला तेव्हा माणूसच नव्हता. मग एकदा माझ्यावर छिन्नी बसली आणि मशालीच्या उजेडात मला बघून खाणीतले लोक नाचायलाच लागले. "तांबं! अरे, तांबं लागलं!" मुकादम आर्विद इतका हरखला, की यंदा आपली खाण तांबं देणार असा शब्दच त्यानं वरच्या साहेबांना देऊन टाकला.

भट्टीवर एस्किल होता. थोराड, कमी बोलणारा, भुवया कायम जळालेल्या. त्यानं माझे भाऊबंद टोपल्या भरभरून भट्टीत घातले. लसणासारखा वास सुटला, माणसं खोकून खोकून हैराण झाली, आणि तांबं? नावालाही नाही. खाली उरला कसलासा पांढुरका, ठिसूळ गोळा.

"तांबं कुठं गेलं?" आर्विद ओरडला.

"निकेलनं नेलं," एस्किल म्हणाला.

निकेल म्हणजे डोंगरातलं खोडकर भूत. जर्मनीहून आलेल्या खाणकामगारांनी ते नाव इकडे आणलं होतं. तांब्यासारखा दगड तांबं देईना, म्हणजे भुतानं आतलं तांबं काढून नेलं, अशी या लोकांची पक्की समजूत. एस्किलच्या बायकोनं, मारितनं, जवाच्या लापशीवर लोण्याचा गोळा घातला आणि वाडगा खाणीच्या तोंडाशी ठेवला. भूत खूश झालं की तांबं परत करील म्हणे! मी शेजारच्या ढिगातून बघत होतो. काय संताप झाला माझा! माझ्या पोटात जे नव्हतंच, ते भूत कुठून आणून देणार? लापशी कोल्ह्यानं खाल्ली. पुढच्या भट्टीलाही तोच पांढुरका गोळा निघाला.

आर्विदनं तर शब्द देऊन ठेवलेला. भुताचं नाव सांगून त्याचं भागणार नव्हतं.

"भुताला खिसे असतात का रे?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "तांबं तुझ्याच घरात असणार. येत्या रविवारी चर्चच्या दारात खोड्यात बसशील, मग बरोबर आठवेल कुठं ठेवलंय ते."

पाय लाकडात अडकवून चोराला दारात बसवायचं आणि प्रार्थनेला येणाऱ्या प्रत्येकानं त्याच्याकडे बघत आत जायचं, अशी तिथली रीत. एकदा खोड्यात बसलेल्या माणसाला पुन्हा कुणी भट्टीवर उभं करत नसे, आणि त्याच्या मुलीला कुणी सून करून घेत नसे.

मारित सरळ ढिगापाशी आली, मला उचललं आणि एप्रनच्या खिशात कोंबलं. घरी गेलो तर एस्किल भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"अहो, उठा. थूरेसाहेबांकडे जायचंय."

"कशाला? भुतापुढं पारखी काय करणार?"

"भुताला लोणी घालून झालं माझं. आता या दगडाला विचारायचं. उठा म्हणते ना!"

बाई मला तेव्हाच आवडली.

थूरे खाणीचा पारखी. कुठल्या दगडात काय आहे ते तपासणं हेच त्याचं काम. आर्विदही मागोमाग तिथं येऊन ठेपला. थूरेनं माझा एक टवका उडवला, भाजला आणि तेजाबात टाकला. तेजाब हिरवंगार झालं.

"बघा!" आर्विदनं मांडीवर थाप मारली. "हिरवं म्हणजे तांबं. आता तरी कबूल कर, चोरा!"

एस्किलचा चेहरा पडला. खरं सांगतो, मीही घाबरलो. माझा रंगच त्या गरिबाच्या जिवावर उठला होता.

"थांबा, मुकादम," थूरे म्हणाला. "एक खिळा द्या कुणीतरी."

त्यानं लोखंडी खिळा घासला आणि त्या हिरव्या पाण्यात सोडला. पाण्यात तांबं असलं की लोखंडावर तांबडी साल चढते, हे खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे वाकून बघत राहिले. मारितनं नवऱ्याची बाही घट्ट धरली होती. बऱ्याच वेळानं थूरेनं खिळा बाहेर काढला. त्यावर तांबड्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

"यात तांबं नाही. मग यानं चोरलं काय?"

"मग आहे तरी काय त्यात?" आर्विद चिडून म्हणाला.

"माहीत नाही. आपल्या ओळखीचं तरी काही नाही."

ते 'माहीत नाही' ऐकून मला कोण आनंद झाला! माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं.

आर्विद नरमला, पण त्याला तोंड लपवायला जागा हवी होती. बाहेर आल्यावर त्यानं एस्किलच्या खांद्यावर हात टाकला. "हे बघ, रविवारी चारचौघांत एवढंच सांग, तांबं भुतानं नेलं. तू सुटलास, मीही सुटलो. तूच तर म्हणत होतास! नाहीतर खोडा आहेच."

मारितच्या खिशातून मी ऐकत होतो; एस्किल मान खाली घालून घराकडे चालू लागला. मला वाटलं, झालं, पुन्हा भुताच्या नावानं पावती फाटणार.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे खाणीच्या तोंडाशी जमले. वाडगा या वेळी आर्विदनं स्वतः ठेवला होता, त्यात लोणी जरा जास्तच. "सांग रे," तो म्हणाला. एस्किल पुढे झाला, वाडग्यापाशी फतकल मारून बसला आणि लापशी खायला लागला. बायका किंचाळल्या.

"अरे, ते भुताचं आहे!"

"भुतानं काही चोरलेलं नाही," एस्किल भरल्या तोंडानं म्हणाला. "मीही नाही. दगडात तांबं नव्हतंच. खिळा बघितलाय मुकादमांनी, विचारा त्यांना." मग बोटानं वाडगा पुसून तो म्हणाला, "मीठ कमी आहे, मुकादम."

लोक खो खो हसत सुटले. आर्विदला थूरेसमोर खिळा नाकारता येईना. खोडा त्या रविवारी रिकामाच राहिला.

त्याच सुमारास राजधानीतल्या एका विद्वानानं माझ्याच जातीच्या दगडातून धातू काढला आणि हे नवंच मूलद्रव्य आहे असं जाहीर केलं. लगेच बाकीचे विद्वान सरसावले. म्हणे ही भेसळ आहे, थोडं लोखंड, थोडं कोबाल्ट. चुंबक ओढतो, म्हणजे लोखंडच! अरे, चुंबकाला मी आवडलो तर त्यात माझा काय गुन्हा? वर्षानुवर्षं आम्हाला वितळवलं, गाळलं, पुन्हा वितळवलं. जितकं शुद्ध करत गेले, तितका मी जास्तच मी होत गेलो. शेवटी थकले आणि गप्प बसले.

नाव मात्र त्या भुताचंच ठेवलं, निकेल. राहू दे. ज्यानं कधी काही चोरलंच नाही, त्याचं नाव लावायला मला लाज वाटत नाही.

आता मी एका संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. टवका उडालेली बाजू पुढे ठेवलीय. शाळेतली पोरं काचेला नाक लावून ओरडतात, "ए, तांबं बघ, तांबं!" ओरडा, खुशाल ओरडा. पण त्यावरून कुणाचे पाय खोड्यात घालायला निघालात, तर आधी एक खिळा घेऊन या.