मावळतीचा विडा

सुवालालशेठ आंबेगाव पेट्याच्या, म्हणजे छोट्या तालुक्याच्या, जहाल पक्षाचे पुढारी झाले. पण तसं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढं जाऊ; खुद्द शेठजी तसंच धरून चालतात.

१९०८ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. आधीचे पुढारी तुरुंगात होते. नवा निवडायला मंचरच्या धर्मशाळेत अकरा जण जमले. बारावा पोलीस हवालदार. तो निवडलेल्याचं नाव टिपायला बाहेर ओट्यावर पेन्सिलीला टोक काढून बसला होता. मधोमध तबकात एकच विडा. रीत जुनी: जो खाईल तो पुढारी. तबक तीनदा फिरलं. भिमाजीची दाढ अचानक ठणकायला लागली. कुशाबाला म्हणे सुपारी बाधते. मग दहाही जण शेठजींकडं बघायला लागले.

शेठजी दारातून सूर्याकडं बघत होते. जैन माणूस; दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंबही नाही. तेवढा वेळ काढला की सुटका.

"मंडळी, घाई नको. पुढारलेल्या देशांत कसं करतात ते आधी बघू." पुण्याचं वर्तमानपत्र घेणारे गावात ते एकटेच. "विलायतेत थोर मंडळी आतल्या आत ठरवतात, मग राजा बोलावणं धाडतो."

"आपल्याला कुनी बोलावलं तर त्यो हवालदारच," गेणू म्हणाला.

"अमेरिकेत मोठ्या मांडवात हजार माणसं बसतात. बहुमत होईस्तोवर पुन्हा पुन्हा मतं घेतात."

"दमंस्तवर?"

"दमेस्तोवर."

"अन् ज्येवण?"

ओट्यावर हवालदार खाकरला. शेठजींची बंडी घामानं पाठीला चिकटली. त्यांनी ऑस्ट्रेलिया काढला. तिथल्या मजूर पक्षाचे सभासद चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठीची घडी कशी घालावी, हेही त्यांनी सावकाश सांगितलं. घसा पार कोरडा पडला.

"शेठ, लई देश पाठ हायेत राव तुमाला. तुमीच व्हा की!" गेणू म्हणाला.

सूर्य डोंगराआड जाता जाता नखाएवढा उरला. सुटलो, असं शेठजींच्या मनात आलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालले. मावळायच्या आत शेवटचं पाणी, घटाघटा तांब्याभर. आणि पाण्यामागून, रोजच्यासारखा, विडा; आज तबकातला.

शेठजींनी दोनदा चावलं, मग जबडा जागीच थांबला.

"बापाचं नाव सांगा, शेठ," ओट्यावरून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी घोडेगावला पेट्याच्या अंमलदाराकडे, महालकऱ्यांकडे, अर्ज गेला: 'अर्जदार जैन असून सूर्यास्तानंतर काहीही खात नाही. सबब, काल मंगळवारचा मौजे मंचर येथील सूर्यास्त अर्धी घटका अलीकडे घेऊन तशी सरकारी दप्तरी नोंद व्हावी, म्हणजे सदर विडा रात्रीत पडतो व अर्जदाराने तो खाल्लाच नाही असे आपोआप शाबीत होते. तसेच उशिरा मावळल्याबद्दल सूर्यास लेखी समज देण्यात यावी, ही विनंती.'