दातांखालची वाळू

राखाडी

डांबर संपलं, जीप खडखडायला लागली, तशी ऑरिनने काच खाली केली.

"धूळ येईल, बाबा."

"येऊ दे. तिच्यासाठीच आलोय."

पैज त्याच्या मुलीनेच, मार्डीनने, लावली होती. अमेरिकेतल्या युटाच्या या कच्च्या रस्त्यावरचे दगड शिकवण्यात बापाचा जन्म गेला. आता डोळे गेले. ती थांबवेल तिथला दगड त्याने ओळखायचा. एक जरी चुकला, तर घर विकून तिच्याकडे शहरात. नाही चुकला, तर शेवटपर्यंत इथेच.

तिने एक ढेकूळ दिलं. त्याने कपचा मोडून दातांखाली धरला. दगडवाल्यांची ही जुनी खोड: वाळू दातांखाली कचकचते, चिखल नाही.

"लोणी! समुद्राच्या तळाचा चिखल. शिंपले असतील बघ."

होते. तिच्या बुटापाशीच.

पांढरा

थर इथे कललेले आहेत. त्यामुळे दर वळणाला जग आणखी जुनं होत जातं.

पांढऱ्या कातळावर त्याने तळवा टेकला. मग तिरप्या रेघांवरून एक बोट, सावकाश.

"वाळूच्या टेकड्या. वारा इकडून यायचा."

आणि त्याने गाल तिकडे केला. कोट्यवधी वर्षांपूर्वी पडलेल्या वाऱ्याकडे.

"मिजास बघा!"

"मास्तरकीत पगार कमी, मिजास फुकट."

लाल

जीप थांबली नाही. तरी तो म्हणाला, "कडा आला. आपलाच खडखडाट परत ऐकू येतोय."

जांभळा

कड्याच्या पायथ्याशी जांभळ्या मातीचा उतार. मार्डीन उतरली. मातीला तिने हात लावला नाही. जीपएवढी एक शिळा तिथे पडली होती. तिचा कपचा काढून बापाच्या हातात ठेवला.

त्याने चावला. कचकच. चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

तिने मान वळवली. त्याला दिसणार नव्हतं, तरी.

मग त्याने पाय आपटला. फुगून सुकलेली माती बुटाखाली लाह्यांसारखी चुरचुरली. पुन्हा आपटला.

"दात म्हणतात वाळू, पाय म्हणतात माती. हा इथला नाही, पोरी. वरच्या कड्यावरून कोसळलाय. पहिल्या वर्षाची पोरं इथेच फसायची." मग तोंड तिच्याकडे वळवून, "मुद्दाम दिलास?"

"हो."

"का गं?"

"शेगडी दिवसभर पेटती राहिली होती, बाबा. मी आले नसते तर?"

"मग शेगडी बदल. मला कशाला हलवतेस?"

ती हसली, मग नाक पुसलं. "बदलते. उद्याच."

लाल, पुन्हा

"आता सांग, कडा कसा दिसतोय?"

"लाल."

"तेवढं आंधळाही सांगेल. नीट बघ."

लहानपणापासून इथून जाताना तिने रस्ताच पाहिला होता. आता मान मागे टाकली. आणखी मागे. ऊन कड्यावर तिरपं उतरत होतं आणि दगड आतून पेटल्यासारखा दिसत होता.

बापाला शिळेवर बसवून मार्डीन शेजारी टेकली आणि अगदी वरच्या कडेपासून सांगायला लागली.