गार होईपर्यंत

माझ्या दुकानात एकच कायदा आहे: गरम इंजिनाच्या मॅनिफोल्डला पाना लावायचा नाही. इंजिनातला धूर एकत्र करून बाहेर नेणारी ही बिडाची जड वस्तू. तापलेली असताना नट सैल केले तर ती वाकते, आणि एकदा वाकली की सांध्यातलं गॅस्केट कितीही बदला, धूर गळतोच. एका डिझेल बसचे दोन मॅनिफोल्ड लोकांच्या घाईने असेच वाया गेले होते. तिसरा वाचवायला गाडी माझ्याकडे आली. दुपारभर थांबावं लागेल, असं मी मालकाला ठणकावून सांगितलं आणि नंतर स्वतःच उतावळा नवरा झालो.

धूर कुठून गळतोय ते चाचपायला मी मॅनिफोल्डमागे हात घातला. बीड हाताला सोसेल एवढं निवलं होतं, पाना लावण्याएवढं नाही. हात काढताना घड्याळाचा पोलादी पट्टा मागच्या आधारपट्टीत अडकला. ओढून पाहिलं, वळवून पाहिलं; पट्ट्याच्या कडीपर्यंत दुसरा हात पोचेना. मनगट तेवढं सुजलं आणि मी पक्का सापडलो.

माझ्या मुलीने बॅटरी मारून पाहिलं. चार वर्षं ती माझ्यासोबत काम करते. मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय ती पट्टी सुटणार नाही, असं तिने सांगितलं. पाणी ओतायचा तर प्रश्नच नव्हता; तापल्या बिडावर पाणी म्हणजे तडा. कायदा माझा, शिक्षाही मलाच. तिने खोकं उपडं केलं, समोर बसली आणि खिशातून पत्र काढलं.

महिनाभर ती हा विषय काढायची आणि मी कुठल्यातरी गाडीखाली सरकायचो. तिच्या आईने तर तुमचं तुम्ही बघा म्हणून हात झटकले होते. आज सरकायला जागा नव्हती.

इंजिनाच्या कारखान्यात दोन वर्षांचं शिक्षण, राहायची सोय, शहर मात्र दूरचं. पाच वाजेपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं आणि चार वाजून गेले होते. तुमच्या होकाराशिवाय जाणार नाही, असंही ती म्हणाली. मी पोतडीतली सगळी कारणं काढली. लांब आहे, ओळखीचं कुणी नाही, तिथे नुसती चाकरी, इथे घरचं दुकान. तिने एकेकाचं शांतपणे उत्तर दिलं. मधूनमधून बिडाला हात लावून म्हणायची, अजून गरम आहे.

शेवटी कारणं संपली आणि खरं तेवढं उरलं.

"मला जवळचं नीट दिसत नाही," मी म्हणालो. "वर्ष झालं. गॅस्केट सरळ बसलंय का, ते तू सांगतेस म्हणून कळतं. तू गेलीस तर हे दुकान माझ्याच्याने चालणार नाही."

पत्राची घडी घालून तिने खिशात ठेवली आणि पुन्हा बिडाला हात लावला.

"अजून गरम आहे."

माझी बोटं मॅनिफोल्डला टेकलेली होती. तो केव्हाच गार झाला होता. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. ती पाना मांडीवर घेऊन खाली बघत होती. खरं बोलून मी मोकळा झालो होतो आणि तिला अडकवलं होतं. मला माझी लाज वाटली. भीती तर होतीच, ती काही गेली नाही.

"आधी फोन कर," मी म्हणालो.

"आणि दुकान?"

"ते माझं आहे. तुझ्या गळ्यात कशाला?"

तिने फोन केला. हो, येते, एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून डोळे पुसले. मग कामाला लागली. आधी दोन्ही टोकांचे नट, अर्धा अर्धा फेरा, मग आत आत, मधले सगळ्यात शेवटी. हात सुटला. जळलं होतं ते नुसतं गॅस्केट. मॅनिफोल्ड फळीवर पालथा ठेवून तिने त्यावर पोलादी मोजपट्टी कडेवर उभी धरली.

"वाकलाय का ते तुम्ही सांगा."

मी डोळे जवळ नेले, काही दिसेना. मग डोळे मिटले आणि पट्टीखालून नख फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. वेळ लागला. नख कुठेच शिरलं नाही.

"सरळ आहे," मी म्हणालो.

तिने वाकून तपासलं नाही. पट्टी उचलली आणि नवं गॅस्केट माझ्या हातात दिलं.