घाई नाही, साहेब

आमच्या धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करायचा मोठा रोलर आहे. ओली चादर एका बाजूनं सरकवायची, दुसरीकडून ती कडक कोरडी होऊन बाहेर येते. सरकवायला दोन माणसं लागतात, एकेका टोकाला एक. कित्येक वर्षं एका टोकाला माझा नवरा असायचा आणि दुसऱ्या टोकाला माझा सख्खा मोठा भाऊ. मी पलीकडे घडीच्या टेबलावर.

वाफेच्या त्या आवाजात गोड बोलायला सवड कुणाला? "सोड रे बैला." "डोळे फुटले का, चुणी पडली." "हात मागे घे, मेल्या." दिवसभर हेच चालायचं. नवीन आलेल्या बायकांना वाटायचं, आता ह्यांची जुंपणार. जुंपली कधीच नाही. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायचे. रोलरवर शिवी म्हणजे सांभाळ, एवढाच तिचा अर्थ होता.

मग दादा सुपरवायझर झाला. काचेची केबिन मिळाली, फिरती खुर्ची मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. "घरी काय म्हणायचं ते म्हण. इथं चार लोकांत साहेब म्हणत जा. वरचे लोक बघत असतात." माझ्या नवऱ्याला अर्धवट काही जमत नाही. त्यानं साहेब म्हणायला सुरुवात केली ती कारखान्यात, मग रस्त्यात, आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा. दादा आला की हा ताटावरून उठायचा. मी म्हणायचे, आता एक सलामही ठोक. दादाला ते आवडत नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही. तो हसायचा आणि रिकाम्या झालेल्या जागेवर बसायचा.

रोलरच्या तोंडाशी एक पट्टी असते. बोटं फार आत गेली की त्या पट्टीला धक्का लागतो आणि रोलर थांबतो. ती पट्टी अडकायला लागली. नवरा केबिनच्या दाराशी गेला. दार उघडंच होतं, मी सगळं ऐकत होते.

"साहेब, ती पट्टी जरा जड चालतेय असं वाटतं. सवडीनं बघितलंत तर बरं. घाई नाही, साहेब."

"बघतो," दादा म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "जड चालतेय काय? पार बंद पडलीय ती. तोंड शिवलंय का तुझं? मी सांगू का दादाला?"

"नको," तो म्हणाला. "बायको बोलली तर माझी काय शोभा राहील? दोनदा सांगून झालंय. सारखं सांगितलं तर त्यांना वाटेल, नात्यातला आहे म्हणून डोक्यावर बसतोय."

मग मीही दादाकडे गेले नाही. पुढच्याच आठवड्यात रोलरनं त्याचा उजवा हात मनगटापर्यंत आत ओढला. डॉक्टरांना त्यातलं काही वाचवता आलं नाही.

दवाखान्याच्या जिन्यात दादा ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. "अगं, इतक्या अदबीनं बोलला तो, मला वाटलं किरकोळ काहीतरी असेल," तो म्हणाला. "खरंच धोका असता तर केबिनमध्ये घुसून त्यानं मला शिव्या घातल्या असत्या." मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. शिव्या बंद कुणी करायला लावल्या होत्या?

चौकशीला वरून मोठे साहेब आले. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. पट्टी बिघडल्याचं आधी सांगितलं असेल तर चूक कारखान्याची, मग भरपाई मिळणार. सांगितलं नसेल तर कामगाराचा निष्काळजीपणा, घरी बसा. आदल्या दिवशी मी नवऱ्याकडून घोकून घेतलं होतं. "मी सांगितलं होतं, एवढंच म्हण. पुढे शेपूट लावू नकोस."

बस म्हटलं तरी तो बसला नाही. बँडेज बांधलेला हात छातीशी धरून उभाच राहिला. "सांगितलं होतं तसं, साहेब. म्हणजे अगदी सांगितलं असं नाही, कानावर घातलं होतं. सुपरवायझर साहेबांना कामं खूप असतात. माझंच बोलणं कमी पडलं असेल."

"मी स्वतः ऐकलंय," मी म्हणाले.

"बाई, तुम्हाला विचारलेलं नाही."

मग दादाची पाळी आली. केबिनमध्ये पाय पसरून बसणारा माझा भाऊ तिथं हात बांधून, खांदे पाडून उभा होता. "रीतसर तक्रार अशी नव्हती, साहेब. बोलता बोलता काही निघालं असेल तर… आपण म्हणाल तसं." दोघंही खोटं बोलले नव्हते. दोघंही फक्त नम्रपणे बोलले होते, आणि त्या नम्रपणात माझ्या घराची वाट लागली. निष्काळजीपणाच ठरला.

महिन्याभरानं कळलं की फाटकावर माणूस हवाय. डाव्या हातानं होण्यासारखं काम, आणि दादानं शब्द टाकला तर मिळण्यासारखं. मी घडीच्या टेबलावरून केबिनकडे निघाले. काय बोलायचं ते पक्कं होतं: तुझ्यापायी त्याचा हात गेला, आता ही नोकरी तू त्याला मिळवून द्यायचीस, कशी ते मला विचारू नकोस. लहानपणी मी ह्याच दादाच्या दंडाला कडकडून चावलेली आहे. त्याला घाबरायचं काही कारण नव्हतं.

दार ढकललं तर तो फोनवर होता. त्यानं बोट वर करून थांबायला सांगितलं. मी थांबले. कोपऱ्यात एक खुर्ची होती, पण बसले नाही. त्याचं बोलणं लांबत गेलं, तसे माझे हात आपोआप पुढे येऊन एकमेकांत अडकले. फोन ठेवून त्यानं वर बघितलं.

"तुम्हाला जरा त्रास देते," मी म्हणाले. "फाटकावरच्या जागेचं तुमच्या हातात असेल तर…"

जन्मात पहिल्यांदा मी त्याला अहो-जाहो करत होते. तो दचकेल, चिडेल, निदान वेडी का तू म्हणेल, असं मला वाटलं. मी वाट बघितली. त्यानं समोरचे कागद सारखे केले.

"अर्ज देऊन ठेव," तो म्हणाला.

"हो साहेब," मी म्हणाले.